उडता हांबुर्गर, १९३३ : ८२० अश्वशक्तीत ताशी १६० कसं जमलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९३३ साली जर्मनीत बर्लिन आणि हांबुर्ग यांच्यात दोन डब्यांची एक डिझेल रेलकार (स्वतःच्या पोटातल्या इंजिनावर धावणारे डबे) ताशी १६० किलोमीटरने धावत होती, तीही फक्त ८२० अश्वशक्तीवर. मग आपलं २६०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-२ इंजिन जन्मभर १२० च्या आतच का राहिलं? जर्मनांकडे अशी कोणती जादू होती? गाडी एवढी चांगली होती तर सहा वर्षांत बंद का झाली? आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय, की आपल्याकडे दोन शहरांमध्ये अशी छोटी डिझेल गाडी का चालू नये.

मी उभी नोकरी डिझेल शेडात काढली, त्यामुळे इतिहासकारासारखं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. गाडीच्या पोटात डोकावूनच मला ती कळते. पण प्रश्न जरा फिरवून मांडला पाहिजे. ‘इतक्या कमी ताकदीत इतका वेग कसा?’ असं विचारलं की उत्तर इंजिनात शोधावंसं वाटतं आणि तिथेच वाट चुकते. खरा प्रश्न असा : किती वजन, किती हवा आणि किती उतारू घेऊन १६० ने जायचंय, आणि तिथून थांबायचं कसं? या गाडीच्या सगळ्या गोष्टीत इंजिन हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता असं माझं मत आहे. डिझेलवाल्याने हे म्हणावं हे थोडं विचित्र वाटेल, पण पुढे पटेल.

आधी गाडीची ओळख. डॉइच राइख्सबान म्हणजे तेव्हाची जर्मन राष्ट्रीय रेल्वे. मंदीचे दिवस होते. वरच्या वर्गाचा उतारू मोटारीकडे आणि विमानाकडे सरकायला लागला होता, आणि त्याला परत आणायचं होतं. गंमत म्हणजे १९३३ साली जर्मनीचे नवे मोटाररस्ते बांधायची कंपनी निघाली तीही याच रेल्वेच्या पंखाखाली. तर या रेल्वेने ग्योर्लिट्झ इथल्या वूमाग कारखान्याकडून दोन डब्यांची एक जोडगाडी बांधून घेतली. क्रमांक एसव्हीटी ८७७. १९३२ च्या अखेरीस ती तयार होऊन चाचण्यांना लागली आणि १५ मे १९३३ पासून वेळापत्रकात आली. बर्लिनच्या लेर्टर स्थानकापासून हांबुर्ग मुख्य स्थानकापर्यंतचे २८७ किलोमीटर ती १३८ मिनिटांत कापायची. सरासरी ताशी जवळजवळ १२५. त्या काळी वेळापत्रकातली एवढी वेगवान गाडी जगात दुसरी नव्हती. लोकांनी तिला ‘फ्लीगेंडर हांबुर्गर’, म्हणजे उडता हांबुर्गर, असं नाव दिलं. रंग फिकट पिवळसर आणि जांभळा. एकच वर्ग, दुसरा. ९८ आसनं आणि चार जणांना बसता येईल असं छोटं उपाहारगृह.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण जुन्या जर्मन गाड्यांविषयी लिहिताना ती हमखास मागे राहते. गाडी धावायला लागली तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन साडेतीन महिने झाले होते. नव्या राजवटीने तिची मनसोक्त जाहिरात केली. पण गाडीची मागणी, आराखडा, बांधणी, चाचण्या हे सगळं त्याआधीचं आहे. श्रेय द्यायचं तर ते राइख्सबानच्या आणि कारखान्यांच्या अभियंत्यांना.

आता ताकदीचा हिशेब करू. गाडीत मायबाखची दोन इंजिनं होती. प्रत्येक बारा सिलिंडरचं आणि ४१० अश्वशक्तीचं. मायबाख कारखाना फ्रीडरिख्सहाफेनचा. त्याचा जन्मच झेपेलिन विमानांना, म्हणजे त्या फुगेवजा हवाईजहाजांना, इंजिनं पुरवण्यासाठी झालेला. हलकं आणि वेगाने फिरणारं इंजिन बनवायची सवय त्यांच्या हाताला तिथून लागली. रेलकारसाठी डिझेल बनवायची खटपट त्यांनी १९२० च्या दशकातच सुरू केली होती. आपल्या शेडात जो अल्को, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ च्या पोटातलं डिझेल, होता तो मंद आणि दणकट जातीचा, मिनिटाला कमाल हजार फेरे. मायबाखचं इंजिन १४०० फेऱ्यांवर काम करायचं. फेरे वाढले की तेवढीच ताकद लहान इंजिनातून मिळते, पण बेअरिंग, पिस्टन, व्हॉल्व्ह सगळ्यांचं आयुष्य त्या प्रमाणात घटतं. याकडे पुन्हा येईन.

गाडीचं वजन ८० टनांच्या आतबाहेर. उतारू, इंधन, पाणी धरून ८५-९० टन समजा. म्हणजे टनामागे साधारण ९ अश्वशक्ती. आता डब्ल्यूडीएम-२ घ्या. इंजिनाचंच वजन जवळजवळ ११३ टन, मागे अठरा डबे, भरलेला डबा ५० टनांचा धरला तर एकूण हजार टन. २६०० ला हजारने भागा : टनामागे २.६ अश्वशक्ती. माणशी काढा, म्हणजे आणखी डोळे उघडतील. हांबुर्गरमध्ये १०० माणसांना ८२०, म्हणजे माणशी ८. आपल्याकडे अठरा डब्यांत ७२ च्या हिशेबाने तेराशे माणसं, म्हणजे माणशी २. उसाच्या भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मोटरसायकलने मागे टाकलं तर मोटरसायकलचं इंजिन मोठं असं कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘जर्मनांकडे कमी ताकद होती’ हे गृहीतकच चुकीचं आहे. त्यांच्याकडे भरपूर ताकद होती, ओझं कमी होतं.

दुसरा भाग हवेचा. ताशी ६०-७० वर धावणाऱ्या गाडीला हवेची फारशी पर्वा नसते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. १२० वरून १६० वर जायचं तर हवेपायी लागणारी ताकद जवळजवळ २.४ पट होते. मी या गाडीचा कागदावर हिशेब केला होता. ८२० मधून पंखे, कॉम्प्रेसर आणि जनरेटर-मोटरमधली गळती वजा केली तर चाकांवर साडेसहाशे-पावणेसातशे अश्वशक्ती पोचत असेल. १६० च्या वेगाला ती ताकद म्हणजे जेमतेम ११०० किलोचा ओढ. सपाटीवर संपूर्ण गाडीचा विरोध एवढ्यात बसवायचा म्हणजे गाडीचा आकार चोख हवा. म्हणूनच तिची प्रतिकृती फ्रीडरिख्सहाफेनला झेपेलिनच्या वातबोगद्यात तपासली गेली. गोल उतरतं नाक आणि खाली चाकांपर्यंत आलेले पडदे, हे सगळं दिसण्यासाठी नव्हतं. तुम्ही कुठल्याही जुन्या डब्याखाली वाकून पाहा. बॅटरीच्या पेट्या, ब्रेकची टाकी, सिलिंडर, रॉड, पाण्याचे पाइप, सगळं लटकलेलं असतं आणि प्रत्येक वस्तू हवेला अडवते. पडदे लावल्याने ते झाकलं जातं. शेडातल्या माणसाला मात्र हेच पडदे नकोसे असतात, कारण साधा ब्रेक ब्लॉक (चाकावर दाबला जाणारा ठोकळा) बघायचा तरी आधी पडदा उघडा.

आता या गाडीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट, तिची बोगींची मांडणी. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा.) दोन डबे, पण बोगी चार नाहीत, तीन. मधली बोगी दोन्ही डब्यांना सामाईक, दोघांची टोकं तिच्यावरच टेकलेली. जर्मन लोक तिला याकोब्स बोगी म्हणतात. एक बोगी वाचली म्हणजे काही टन वाचले, डब्यांमधली फट कमी झाली आणि दोन्ही डबे एकमेकांना धरून चालल्याने वेगात गाडी हेलकावेही कमी खाते. इंजिन आणि त्याला जोडलेला जनरेटर हा संच टोकाच्या बोगीवर बसवलेला, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. आणि ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी, कुठे? दोन्ही मधल्या सामाईक बोगीत. वीज टोकाला तयार व्हायची, केबलने मध्यावर यायची आणि गाडी पोटातून ढकलली जायची.

ज्यांनी मोटरी उतरवल्या-चढवल्या आहेत त्यांच्या लगेच लक्षात येईल की यात फायदाही आहे आणि दुखणंही. सहापैकी दोनच आसांना (अ‍ॅक्सलना) ओढ. सुरुवातीला गाडी सावकाश पळणार, ओल्या रुळावर चाक घसरण्याचा धोका. पण गाडीला मध्ये थांबायचंच नव्हतं! एकदा वेग घेतला की पुढचे दोन तास तोच धरून ठेवायचा. त्या कामाला दोन आस पुरतात. दर आठ-दहा किलोमीटरला थांबणाऱ्या पॅसेंजरला अशी मांडणी दिली असती तर ड्रायव्हरने शिव्या घातल्या असत्या. तेव्हा ‘ही मांडणी चांगली का वाईट’ याला एकच उत्तर नाही, काम कोणतं त्यावर ते ठरतं.

इंजिन बोगीवर बसवण्याची दुसरी बाजूही सांगतो. रुळाचा प्रत्येक जोड, प्रत्येक पॉइंट बोगीला जाणवतो. आमच्याकडे इंजिन मोठ्या अंडरफ्रेमवर बसलेलं असायचं, खाली स्प्रिंगांचे दोन थर, तरीही पाण्याच्या होजचे क्लिप ढिले व्हायचे आणि डिझेलच्या बारीक नळ्यांना घासून भोक पडायचं. थेट बोगीवरच्या इंजिनाच्या नळ्यांचं काय होत असेल याची मला कल्पना आहे. डच रेल्वेने १९३४ साली याच घराण्यातली मायबाख इंजिनं लावून तीन डब्यांच्या डिझेल गाड्या आणल्या, तेव्हा सुरुवातीला त्या बिघाडांनी हैराण झाल्या होत्या. पुढे मार्गी लागल्या. नव्या डिझेलचं पहिलं वर्ष असंच असतं. लुब ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात तांबं किती, लोखंड किती हे पाहून बेअरिंगचं दुखणं आधी ओळखायचं, ही आमच्या काळची रीत. त्यांना बरंचसं कानाने आणि हाताने ओळखावं लागलं.

आणि इथे एक अडचण अशी की १९३३ ते १९३५ या काळात ही गाडी एकच होती. स्पेअर संच नाही. सकाळी बर्लिनहून निघायची, दुपारनंतर हांबुर्गहून परतायची, रात्री जे काय पाहायचं ते पाहायचं. शेडवाल्याच्या दृष्टीने यासारखी दुसरी टांगती तलवार नाही. ती जागेवर बसली की त्या वेळेला वाफेची गाडी काढायची, आणि ती तेवढ्या वेळात पोचणं शक्य नाही. या गाडीने दोन वर्षं एकटीने निभावलं, हे तिच्या वेगापेक्षा मला जास्त मोठं वाटतं.

आता थांबण्याचा विषय. तुमच्या प्रश्नात ब्रेकचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. १०० च्या वेगातली गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या अडीच पट ऊर्जा १६० च्या वेगात जिरवावी लागते. त्यात बिडाच्या ब्रेक ब्लॉकचा स्वभाव असा, की चाक जितकं जोरात फिरतं तितकी त्याची पकड कमी. म्हणजे जिथे जास्त हवा तिथेच तो कमी चालतो. जर्मनीत मुख्य मार्गावर डिस्टंट सिग्नल, म्हणजे पुढच्या थांबण्याच्या (होम) सिग्नलची आगाऊ सूचना देणारा, त्याच्या साधारण ७०० मीटर आधी असायचा. ड्रायव्हरला तो पिवळा दिसल्यापासून होम सिग्नलच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे. १६० वरून ७०० मीटरमध्ये? अशक्यच.

उपाय दोन बाजूंनी केला. गाडीला हवेच्या ब्रेकच्या जोडीला चुंबकीय ब्रेक दिला. हा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. बोगीच्या बाजूला, दोन चाकांच्या मध्ये, रुळाच्या थोडं वर एक लांबट पट्टी लटकलेली असते. तिच्यात वीज सोडली की ती खाली येऊन खाडकन रुळाला चिकटते आणि घासत जाते. चाकाची पकड किती, ब्लॉकची पकड किती, याच्याशी तिचा संबंधच नाही. चाकाला बायपास करून थेट रुळाला धरलं. या दोन्हींच्या जोरावर गाडी १६० वरून ८०० मीटरच्या आसपास थांबायची. तरीही ७०० पेक्षा जास्तच, म्हणून दुसरी बाजू : मार्गावरचे डिस्टंट सिग्नल मागे सरकवले. आपल्याकडे आज वेगाच्या मार्गांवर दोन डिस्टंट दिसतात, एक हजार मीटरवर आणि एक दोन हजारवर, त्यामागचं गणित हेच.

डब्ल्यूडीएम-२ चं उत्तरही इथेच मिळतं. त्याला १६० वर न्यायचं म्हणजे नुसतं नॉच (ड्रायव्हरच्या हातातल्या दांड्याची पायरी) वाढवणं नव्हे. त्याचं गिअर ६५:१८ चं, ओढीसाठी केलेलं. प्रत्येक आसाला जड मोटर लटकलेली, तिच्या वजनाचा बराच भाग स्प्रिंगशिवाय थेट रुळावर आदळणारा. तीन आसांची लांब बोगी, वेगात तिचं रुळाशी फार पटत नाही. मागे हजार टन. हे इंजिन सकाळी मेल, संध्याकाळी मालगाडी आणि दुसऱ्या दिवशी घाटात बँकर (चढावर मागून ढकलणारं इंजिन) असं सगळं करण्यासाठी घेतलं होतं, आणि ते त्याने चोख केलं. एकाच कामासाठी बांधलेल्या गाडीशी त्याची तुलना करणं त्याच्यावर अन्याय आहे. आपल्याकडे १९६९ साली हावडा–नवी दिल्ली राजधानी निघाली तेव्हा तीही डिझेलवरच १२० ने धावली. कशामुळे? डबे थोडे, थांबे थोडे आणि वाट मोकळी. प्रवासी गाडी १६० ने नेमाने धावायला मात्र २०१६ ची गतिमान एक्स्प्रेस उजाडावी लागली, आणि तिथेही दिल्ली–आग्रा मार्गाला कुंपण, सिग्नल, रूळ यांची कामं आधी झाली, मग गाडी आली. इंजिन तर केव्हाच तयार होतं.

‘वेग हलकेपणाचा आणि आकाराचा, डिझेलचा नव्हे’ या माझ्या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर तो इंग्लंडात मिळतो. हांबुर्गरचा बोलबाला झाल्यावर तिथल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने लंडन–न्यूकॅसल मार्गासाठी तशीच गाडी मिळेल का याची जर्मनांकडे चौकशी केली. त्यांचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली जर्मनीत जाऊन गाडीतून फिरूनही आले. जर्मनांनी आकडेमोड करून वेळ दिली, सव्वाचार तास. ग्रेस्लींनी तो कागद पाहिला आणि विचार केला की एवढा वेळ तर आपली वाफही देईल. ५ मार्च १९३५ रोजी त्यांनी ‘पॅपिरस’ या चालू वाफेच्या इंजिनाला मोजके डबे जोडून चाचणी घेतली. गाडी ताशी १०८ मैलांवर, म्हणजे १७४ किलोमीटरला पोचली. त्याच सप्टेंबरात हवा कापणाऱ्या आकाराचं नवं इंजिन आणि सात डब्यांची ‘सिल्व्हर ज्युबिली’ सुरू झाली, लंडन–न्यूकॅसल चार तासांत. आसनं हांबुर्गरच्या जवळजवळ दुप्पट. वर इंग्लंडातलाच कोळसा, बाहेरून तेल नको.

जर्मनीतही तसंच झालं. ११ मे १९३६ रोजी ०५ ००२ या वाफेच्या इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटर गाठले, आणि तेही याच बर्लिन–हांबुर्ग मार्गावर. त्याआधी फेब्रुवारीत डिझेल रेलकारने २०५ गाठले होते. म्हणजे दोघे खांद्याला खांदा लावून. १९३१ साली याच मार्गावर फ्रान्झ क्रुकेनबर्गच्या, मागे विमानाचा पंखा लावलेल्या रेलगाडीने २३० चा विक्रम केला होता. ती दिसायला जबरदस्त, पण फलाटावर गर्दीशेजारी उघडा पंखा फिरवणारी गाडी कोण चालवणार? एकच मार्ग सगळ्यांना का लाभला, हेही पाहण्यासारखं आहे. १८४६ साली पुरा झालेला हा मार्ग सपाट आहे, वळणं मोकळी आहेत आणि मधली गावं फार मोठी नाहीत. कमाल वेगाच्या ७८ टक्के सरासरी राखता आली ती या जमिनीमुळे. हीच गाडी बोरघाटातल्या १:३७ च्या चढावर आणली असती तर तिच्या १६० ला काही अर्थ उरला नसता.

मग डिझेलचा खरा फायदा कोणता? तो धावण्यात नव्हता, उभं राहण्यात होता. वाफेच्या इंजिनाला पेटवायला कित्येक तास, मग राख काढा, पाणी भरा, टर्नटेबलवर फिरवा. या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. हांबुर्गला पोचली की ड्रायव्हरने नुसतं दुसऱ्या टोकाला चालत जायचं. त्यामुळे एका संचाला एका दिवसात जाणं-येणं जमलं, आणि व्यापाऱ्याला सकाळी बर्लिनहून जाऊन काम उरकून त्याच दिवशी घरी परतणं जमलं. हा फायदा पाहूनच राइख्सबानने आणखी तेरा संच मागवले. ते १९३५-३६ मध्ये आले. त्यांत आसनं कमी करून ७७ केली, म्हणजे बसायला ऐसपैस, आणि दोन संच एकत्र जोडता येतील असे स्वयंचलित कपलर दिले. मग बर्लिनहून कोलोन, फ्रँकफुर्ट, म्युनिक अशा गाड्या सुटायला लागल्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर वजन कमी, आकार चोख, ब्रेक जबरदस्त, मार्ग सपाट आणि सिग्नल त्यासाठी सरकवलेले. या सगळ्यांत ८२० अश्वशक्ती बसली.

बंद का पडली? बिघडली म्हणून नव्हे. २२ ऑगस्ट १९३९ रोजी, युद्ध सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, या वेगवान डिझेल गाड्या थांबवल्या गेल्या. जर्मनीकडे कोळसा मुबलक होता, तेल नव्हतं, आणि जे होतं ते सैन्याला हवं होतं. शंभर माणसांच्या गाडीला डिझेल कोण देणार? युद्धानंतर तर मार्गच दोन देशांत विभागला गेला. पूर्वेकडचा दुसरा रूळ नुकसानभरपाई म्हणून उखडून नेला गेला. म्हणून १३८ मिनिटांची ती वेळ बर्लिन–हांबुर्ग प्रवासात पुढे साठ वर्षांहून अधिक काळ कोणी गाठू शकलं नाही. १९९७ साली जर्मनीच्या आयसीई या अतिवेगवान गाड्यांनी ती मोडली. गाडी जिथून सुटायची ते लेर्टर स्थानक आता नाही, त्याच जागी बर्लिनचं नवं मुख्य स्थानक उभं आहे. मूळ गाडी मात्र युद्धातून वाचली, पश्चिम जर्मनीत १९५७ पर्यंत धावली आणि तिचा काही भाग न्यूरेंबर्गच्या रेल्वे संग्रहालयात ठेवला आहे. जर्मनीला जाणं झालं तर तिथे बोगीजवळ वाकून पाहा, बाहेरून फोटो काढून परतू नका.

शेवटचा प्रश्न, आपल्याकडे चालेल का. याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मी देणार नाही, कारण ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली, वाट किती मोकळी आहे. २८७ किलोमीटरला ६० ने जाणारी मालगाडी पावणेपाच तास घेते, हांबुर्गर सव्वादोन. म्हणजे रेलकार सुटायच्या अडीच तास आधी निघालेली प्रत्येक मालगाडी वाटेत कुठेतरी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालावी लागणार. मार्गावरच्या गाड्यांचा क्रम लावणाऱ्या सेक्शन कंट्रोलरला विचारा, एक वेगवान गाडी किती पाथ (मार्गावर एक गाडी धावण्याची वेळ-जागा) खाते. भरलेल्या मार्गावर शंभर उतारूंसाठी तेवढे पाथ मोजणं परवडत नाही. तेवढ्याच पाथमध्ये वीस डबे गेले तर हजारावर माणसं जातात. आपली रेल्वे लांब गाड्यांकडे वळली त्यामागे आळस नाही, हा हिशेब आहे.

दुसरी, वर विजेची तार आहे का. तार आहे तिथे नवीन डिझेल रेलकार आणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. वंदे भारतमध्ये मोटरी गाडीभर वाटलेल्या असतात आणि ती दोन्ही टोकांनी चालते. हांबुर्गरच्या कल्पनेतला चांगला भाग तिच्यात आलाच आहे, आणि इंजिन, टाकी, रेडिएटर वाहून न्यायची गरज नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला वेग हवाय का फेऱ्या. ८०-१०० किलोमीटरवरच्या दोन शहरांत लोकांना १६० नको असतं, दर तासाला गाडी हवी असते. तिथे तार नसेल तर तीन-चार डब्यांची डेमू (डिझेलवरची लोकलसारखी गाडी) ताशी १०० ने पुरेशी आहे. तिच्यावर खर्च करायचा झाला तर तो कमाल वेगावर न करता लवकर वेग घेण्यावर आणि दारं रुंद करण्यावर करा. थांबे जास्त असले की वेळ तिथेच वाचतो.

तुमच्या डोक्यात कोणती दोन शहरं आहेत ते लिहिलं नाहीत. मार्ग एकेरी का दुहेरी, सर्वांत मोठा चढ किती आणि मध्ये फाटकं किती, एवढं कळवलंत तर प्रवासाच्या वेळेचा ढोबळ आकडा काढून देतो.